चौकातली मोकळी जागा कोणाच्या हिशोबात मांडलेली असते?

फोर्टकर (धागालेखक)

शहरातल्या सार्वजनिक चौकांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा देखणेपणाची असते. कारंजे चालू आहे की बंद, दिवे कोणत्या रंगाचे लावले, पुतळ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढ्यावर वर्तमानपत्रांतला पत्रव्यवहार आटोपतो. या धाग्यात मला वेगळा प्रश्न मांडायचा आहे. महागड्या जमिनीच्या मधोमध एखादा तुकडा बांधकामाविना ठेवायचा, तर न झालेल्या त्या बांधकामाचा तोटा कोणीतरी सोसलेला असतो, किंवा त्या मोकळेपणातून कोणीतरी फायदा काढलेला असतो. तो जमाखर्च समजला की चौकाला कुंपण का आहे, बाक कुठे आहेत, कोणाला तेथे बसू दिले जाते आणि कोणाला उठवले जाते, या प्रश्नांची निम्मी उत्तरे आपोआप मिळतात, असे माझे मत आहे. उदाहरणादाखल मुंबईचे हॉर्निमन सर्कल घेतो.

आजचे हॉर्निमन सर्कल म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीच्या आतले जुने बॉम्बे ग्रीन. त्याच्या एका अंगाला १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आणि दुसऱ्या अंगाला १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल. ग्रीनवर कापसाचे गठ्ठे रचलेले असत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमत, आणि पुढे १८७५ मध्ये त्याच व्यवसायातल्या मंडळींनी जी संघटना स्थापन केली तिच्यातून आजचा शेअर बाजार उभा राहिला. म्हणजे जागा मोकळी होती, पण ओस नव्हती. तेथे माल होता, सौदा होता, गर्दी होती आणि त्या सगळ्याबरोबर येणारी घाणही होती.

या जागेचा गोलाकार चौक करावा ही कल्पना चार्ल्स फोर्जेट यांची. हे गृहस्थ नगररचनाकार नव्हते, मुंबईच्या पोलीस दलाचे प्रमुख होते. १८५७ मध्ये वेशांतर करून शहरात फिरणारा आणि शिपायांची गुप्त बैठक हुडकून काढणारा अधिकारी म्हणून त्यांचा दबदबा होता. त्याच प्रकरणात १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आले. सर्कलचा नकाशा बंड दडपण्यासाठीच आखला गेला असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. शहराच्या मध्यभागी अस्ताव्यस्त पसरलेली, कोणीही कोणत्याही वाटेने शिरावे अशी जागा ज्या नजरेला खुपली ती नजर बंदोबस्ताची होती, एवढेच नोंदवतो.

आता पैशाची बाजू. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रिअर या दोघांनीही ही योजना उचलून धरली. नगरपालिकेने जागा विकत घेतली, मधला गोल राखून भोवती भूखंड पाडले आणि ते इंग्रजी व्यापारी पेढ्यांना विकून भरघोस नफा मिळवला. काळही त्यांना अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि त्या तुटवड्यातून मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये तो फुगा फुटला आणि बँका, पेढ्या, भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या धडाधड कोसळल्या. पण ही योजना तगली. १८६९ मध्ये मधल्या बागेचे काम सुरू झाले, १८७२ मध्ये ते पुरे झाले, आणि जागेला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव पडले. स्वातंत्र्यानंतर तिला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. इंग्रज सरकारने १९१९ मध्ये ज्यांना देशाबाहेर काढले, तेच हे हॉर्निमन.

या व्यवहारात मधला मोकळा गोल हा खर्चाच्या बाजूला नव्हता. भोवतालच्या प्रत्येक भूखंडाला बागेकडे तोंड करून उभे राहता येत होते, आणि पेढ्यांनी दर मोजला तो त्या दर्शनी बाजूचा. त्यामुळे बाग खिडकीतून पाहण्यासाठी आखली गेली: आखीव पायवाटा, मध्यभागी कारंजे, भोवती लोखंडी कुंपण आणि फाटके. इमारतींचे दर्शनी भागही एकाच धाटणीचे ठेवण्यात आले, कारण एका मालकाने मनमानी केली असती तर शेजाऱ्याच्या मालमत्तेची किंमत उतरली असती.

याच इमारतींच्या तळाशी कमानींची सलग पडवी आहे. मला विचाराल तर सर्कलमधली खरी सार्वजनिक जागा ती आहे. जुलैच्या भर पावसात छत्री न उघडता माणूस त्या अर्धवर्तुळातून चालत जाऊ शकतो, बाजूला उभा राहू शकतो, कोणाची वाट पाहू शकतो. पडव्या खासगी इमारतींच्या, पण त्यांना फाटक नाही; बाग सार्वजनिक, पण तिला फाटक आहे आणि वेळापत्रकही.

येथून काही मिनिटांच्या अंतरावर फ्लोरा फाउंटन आहे. १८६४ चे हे कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी घडवले होते. ते येऊन बसले रस्त्यांच्या नाक्यावर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लोक जमले ते येथे, आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबारात माणसे पडली तीही येथेच. हेतुपूर्वक आखलेला देखणा चौक जवळच होता. चळवळीने मात्र वाहतुकीचा नाका निवडला. नाक्याला कुंपण नसते, तेथून विधिमंडळाकडे जाता येते आणि तेथे उभे राहिले की शहराला थांबून पाहावेच लागते. आजचा हुतात्मा चौक कोणत्याही वास्तुविशारदाने सभास्थान म्हणून आखलेला नाही.

आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही मोकळी राहिली त्याचे कारण तर याहून रुक्ष आहे. तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको म्हणून एस्प्लनेडवर बांधकामाला मनाई होती. १८६० च्या दशकात फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, सुट्या झालेल्या जमिनीतले भूखंड विकले गेले आणि त्या पैशातून सरकारी इमारती उभ्या राहिल्या. विकून जे उरले त्यावर आज आपण क्रिकेट खेळतो.

आपापल्या शहरांतल्या चौकांचा असा जमाखर्च कोणाला ठाऊक असल्यास जरूर लिहावे.

वसुधा_जर्सी

लेख उत्तम आहे. मी न्यूयॉर्कच्या परिसरात राहते आणि तिथे हा हिशोब कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. १९६१ च्या नियमावलीने बिल्डरांपुढे उघड सौदा ठेवला: इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि तिच्या बदल्यात वर जास्तीचे बांधकाम करा. सर्वांत दाट विभागांत एका चौरस फुटाच्या मोकळ्या जागेमागे दहा चौरस फूट चटई क्षेत्र मिळत असे. इतका किफायतशीर सौदा कोण सोडणार? शहरभर शेकडो अंगणे तयार झाली. त्यांतली पुष्कळशी उन्हात तापणारी किंवा वाऱ्याने झोडपली जाणारी कोरडी फरशी होती, कारण नियमाने जागा मागितली होती, बसण्याची सोय मागितलीच नव्हती. बिल्डरला माणसे नकोच होती. त्याला माणसांच्या नावावर मिळणारे मजले हवे होते.

१९७० च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी या अंगणांवर कॅमेरे लावून निरीक्षण केले आणि जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात, हे आकडेवारीने दाखवून दिले. हसू येण्याइतकी साधी गोष्ट आहे, पण १९७५ मध्ये नियम बदलला आणि बाक सक्तीचे झाले ते त्यानंतर. तरीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ५०३ जागांपैकी ४१ टक्के जागा सार्वजनिक उपयोगाच्या दृष्टीने जेमतेम ठरल्या. मजले मात्र सगळ्यांचे शाबूत आहेत.

याचा एक अनपेक्षित राजकीय परिणाम झाला. २०११ च्या सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीटच्या विरोधात लोक झुकोटी पार्कमध्ये तळ ठोकून बसले. हे पार्क १९६८ मध्ये अशाच सौद्यातून तयार झालेले आणि खासगी मालकीचे आहे. शहराची स्वतःची उद्याने रात्री बंद होतात. ही जागा चोवीस तास खुली ठेवण्याचे बंधन मालकावर होते. त्यामुळे पोलिसांना ‘वेळ संपली, उठा’ असे म्हणता येईना. अखेर मालक कंपनीने झोपण्यास आणि तंबू ठोकण्यास बंदी घालणारे नियम पुढे केले, आणि १५ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी पोलिसांनी जागा रिकामी केली. जवळजवळ दोन महिने आंदोलन टिकले ते पन्नास वर्षे जुन्या चटई क्षेत्राच्या एका कलमामुळे.

साधा_प्रश्न

माहिती रंजक आहे, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. कुंपण म्हटले की आपण सगळे लगेच वसाहतवाद आणि भांडवल शोधू लागतो. हॉर्निमन सर्कलच्या बागेत आज दुपारी कचेरीतला माणूस डबा उघडून सावलीत बसू शकतो, संध्याकाळी सूफी संगीताची मैफल ऐकू शकतो आणि स्त्रिया निर्धास्त बसू शकतात, याचे श्रेय त्याच कुंपणाला आणि पहारेकऱ्याला नाही का? कुंपण नसलेली मैदाने आपण पाहिलेली आहेत. लग्नाचे मांडव, गाड्यांचे पार्किंग, बांधकामाचा राडारोडा आणि रात्री चाललेले उद्योग. देखभालीला पैसा लागतो, पालिकेकडे तो नसतो किंवा असून पोहोचत नाही, आणि मग आसपासचे रहिवासी किंवा एखादी कंपनी पुढे आली तर आपण त्यांच्यावर संशय घेतो. ओव्हल मैदानाची दुरवस्था रहिवाशांच्या न्यासाने लढून संपवली, ही गोष्ट धागालेखकांच्या मांडणीत कुठे बसते?

फोर्टकर

साधा_प्रश्न, ओव्हलचे उदाहरण माझ्या मांडणीत चपखल बसते. समोरच्या इमारतींतल्या रहिवाशांना मैदान नीट राखण्यात जिव्हाळा होता तसाच स्वार्थही होता, आणि त्या स्वार्थातून शहराला चांगले मैदान मिळाले, हे मी आनंदाने लिहीन. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. जेथे खिडकीतून पाहणारा श्रीमंत रहिवासी नाही तेथल्या मैदानाने कोणाकडे पाहायचे? देखभाल शेजाऱ्यांच्या ऐपतीवर सोपवली की शेजाऱ्यांच्या ऐपतीप्रमाणेच मैदाने होतात. शिवाय मोकळ्या जागा देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या पालिकेच्या जुन्या धोरणाखाली काही जागांवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले हे मुंबईने पाहिलेले आहे. म्हणूनच जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली.

कुंपण असावे की नसावे यावर माझी सरसकट भूमिका नाही. फाटकाची किल्ली कोणाकडे असते आणि त्याला जाब कोण विचारू शकतो, एवढे कळले तरी पुरे.

गिरणगावचा_रहिवासी

हॉर्निमन सर्कल झाले त्याचा हिशोब वर आला आहे. जे चौक होऊ शकले असते आणि झाले नाहीत त्यांचा हिशोब मी मांडतो.

१९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या आचके देऊ लागल्या. अठ्ठावन्न गिरण्या आणि त्यांच्याखाली शहराच्या पोटातली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने सांगितले की या जमिनी विकसित करायच्या असतील तर ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. मालकांनी काय केले? काहीच केले नाही. वाट पाहिली. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सुचवले की प्रत्येक गिरणीची वाटणी सुटी सुटी न करता सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करावा, म्हणजे सलग मोकळ्या जागा, पायी चालण्याचे रस्ते आणि परळच्या रेल्वे स्थानकांच्या आसपास श्वास घेण्यापुरते अंगण मिळू शकेल. तो अहवाल कपाटात राहिला.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता गिरणीच्या पूर्ण जमिनीची राहिली नाही. आधीपासून जी जमीन मोकळी होती तेवढ्याचीच व्हायची होती. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती सगळीकडे पसरलेली असतात. ती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली की महापालिकेच्या पदरात पडतो तो चतकोर. उच्च न्यायालयात नागरिकांच्या बाजूने निकाल लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग जे झाले ते लोअर परळला उतरून कोणीही पाहावे. काचेचे मनोरे आहेत, त्यांच्या पायथ्याशी हिरवळ आहे, कारंजीही आहेत. फक्त ती संरक्षक भिंतीच्या आत आहेत, आणि शहराच्या वाट्याला ना. म. जोशी मार्गावरचा तोच जुना फूटपाथ आला आहे, ज्यावर सकाळी साडेनऊला खांद्याला खांदा घासल्याशिवाय चालता येत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. पूल अरुंद होता, पाऊस आल्याने लोक जिन्यावर थबकले होते, हे सगळे चौकशीत आले. पण हजारो कचेऱ्या गिरण्यांच्या जागी आल्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या माणसांना स्थानकाबाहेर चार पावले थांबायला अंगण मिळाले नाही, हे कोणत्या चौकशीच्या कक्षेत बसणार? त्यानंतर कारवाई झाली ती प्रामुख्याने फेरीवाल्यांवर. स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत बसायचे नाही, हा नियम बजावला गेला. सहाशे एकरांचा हिशोब टोपलीवाल्या बाईच्या नावे वळता झाला.

करवीरकर

मुंबईचे दाखले वाचून आमच्या बिंदू चौकाची आठवण होणे साहजिक आहे. कोल्हापुरात या चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवण्यात आले. भाई माधवराव बागल यांचा त्यात पुढाकार होता. बाबासाहेब तेव्हा हयात होते. भूखंड विकून किंवा खिडक्यांची किंमत वाढवून हा चौक घडलेला नाही; सभांनी त्याला चौकपण दिले. निवडणुकीच्या काळात ‘बिंदू चौकात या’ असे आव्हान एक पुढारी दुसऱ्याला देतो तेव्हा त्याचा अर्थ लोकांसमोर येऊन हिशोब द्या असा असतो.

धाग्यात एक मोठी बाजू राहिली आहे, ती जातीची. मोकळी जागा सरकारी किंवा नगरपालिकेची असली म्हणून ती सर्वांची होत नसे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. म्हणजे तेथेही निकष हाच होता: पैसा कोणाचा? महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तळे खासगी मालकीचे आहे हा प्रतिपक्षाचा दावा फेटाळला जायला १९३७ साल. जागा मुळात सार्वजनिक नाहीच असे म्हणणे, हा माणसांना बाहेर ठेवण्याचा फार जुना कायदेशीर मार्ग आहे. लोअर परळच्या संरक्षक भिंतींना तो चांगलाच अवगत दिसतो.

मांडवीकाठ

पणजीचे थोडक्यात. पोर्तुगीजांनी शहर आखताना चौकांना मानाचे स्थान दिले, आणि सत्ता कोणाची हे चौकाच्या मध्यभागी उभे करून ठेवले. आजच्या आझाद मैदानावरच्या खांबांच्या मंडपात गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो दि आल्बुकेर्कचा पुतळा होता. आता तेथे गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांचे स्मारक आहे आणि पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. चर्चजवळच्या गार्सिया दि ओर्ता उद्यानातल्या स्तंभावर वास्को द गामा होता, तेथे आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. मंडप तोच, स्तंभ तोच, बसण्याच्या जागाही त्याच. मूर्ती बदलणे स्वस्त असते. भोवतालच्या जमिनीची मालकी मुक्तीनंतर किती बदलली, हे कोणी तपासले तर वाचायला आवडेल.

वकील_ठाणे

सभेच्या हक्काविषयी कायद्याची बाजू नोंदवतो, कारण चौकाची रचना करणाऱ्यांमध्ये न्यायालयेही आहेत.

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये स्पष्ट केले की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येईल, पण परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडता येणार नाही. २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवरची सरसकट बंदी न्यायालयाने मान्य केली नाही. २०२० मध्ये शाहीनबागच्या प्रकरणात मात्र म्हटले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही आणि निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत.

‘नेमून दिलेली जागा’ हा विचार मुंबईत आधीच रुजलेला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नरिमन पॉइंट आणि चर्चगेट परिसरातल्या रहिवाशांच्या संघटनेने मोर्च्यांच्या त्रासाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर निदर्शनांची जागा व्यवहारात आझाद मैदानापुरती उरली. १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून चालत आलेले शेतकरी तेथेच थांबले. मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून ते रात्रीतून मुंबई ओलांडून आले होते, याचे शहराने कौतुक केले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मैदान पुरले नाही, लोक महापालिका आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भोवती पसरले, आणि उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याचे आदेश दिले.

या दोन्ही प्रसंगांत आंदोलकांचे म्हणणे बरोबर की चूक हा या धाग्याचा विषय नाही. पाहण्यासारखे हे आहे की राज्याच्या राजधानीत राग व्यक्त करण्यासाठी एका मैदानाचा एक कोपरा ठरवून दिलेला आहे आणि मंत्रालय तेथून दिसत नाही. शिवाजी पार्कही २०१० पासून शांतता क्षेत्र आहे. १९२५ मध्ये खुले झालेले हे मैदान संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गाजले. आता तेथे ध्वनिवर्धक लावायचा तर विशेष मुभा लागते. रहिवाशांच्या कानांना आराम हवा हे मलाही मान्य आहे. पण सभेच्या दोन मोठ्या जागांपैकी एकीवर वेळेचे आणि दुसरीवर आवाजाचे बंधन, आणि ही दोन्ही बंधने शेजारच्या मालमत्ताधारकांच्या अर्जावरून, ही गोष्ट फोर्टकर यांच्या जमाखर्चात मांडायला हवी.

साधा_प्रश्न

वकीलसाहेब, मग रुग्णवाहिका अडकली तर जबाबदारी कोणाची? दोन लाख माणसांना कोणता चौक पुरणार आहे?

वकील_ठाणे

कोणताच पुरणार नाही, म्हणून एकच जागा नेमून देणे चुकीचे आहे. दहा लहान जागा असत्या तर एकावर इतका भार आला नसता. रुग्णवाहिकेचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर वाहतूक पोलिसांच्या नियोजनात आहे. गणपती विसर्जनाच्या दिवशी हेच शहर ते नियोजन दरवर्षी करते.

वाशी_सेक्टर

नव्याने वसवलेल्या शहरात तरी हे टळले असेल असे कोणास वाटत असल्यास नवी मुंबईचा अनुभव लिहितो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे सूत्र असे की जमीन संपादित करायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर बांधायचे. रेल्वेसुद्धा याच मार्गाने आली. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. म्हणून आमची स्थानके एवढी भव्य आहेत: वरच्या मजल्यांवर कचेऱ्या, खाली दुकाने. स्थानकांसमोर ऐसपैस अंगणेही आखलेली आहेत. कागदावर ती मुंबईच्या कोणत्याही स्थानकापेक्षा सरस आहेत.

प्रत्यक्षात अंगणाचा मोठा भाग दुचाकींच्या पार्किंगच्या ठेक्याला दिलेला असतो, कारण ठेक्यातून भाडे येते आणि नुसत्या उभ्या असलेल्या माणसाकडून काही येत नाही. आमच्या भागातल्या एका स्थानकाबाहेर झाडाभोवती गोल कट्टा होता. संध्याकाळी तेथे नाका कामगार, शिकवणीहून सुटलेली मुले आणि निवृत्त मंडळी अशी सरमिसळ असे. तक्रारी आल्या, आणि एके दिवशी कट्ट्याच्या माथ्यावर सिमेंटमध्ये टोकदार दगड उभे बसवलेले दिसले. कट्टा पाडला असता तर कोणीतरी विचारले असते. दगड लावण्याला ‘सुशोभीकरण’ या खात्यातून पैसे मिळाले. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर कामाचे नाव ‘वृक्षाभोवती शोभिवंत दगडी काम’ असे निघाले, आणि मंजुरीच्या कागदावर बसणाऱ्या माणसांचा उल्लेख कोठेही नव्हता. निवृत्त मंडळींनी दुसऱ्या दिवसापासून घरून वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणून दगडांवर ठेवायला सुरुवात केली; नाका कामगार मात्र पुलाखाली गेले ते परत आले नाहीत.

फोर्टकर

वाशी_सेक्टर, तो अर्ज आणि त्याला आलेले उत्तर येथे वैयक्तिक तपशील झाकून टाकता आले तर टाकावे. ठाणे आणि पुणे येथल्या सभासदांनी आपापल्या पालिकांच्या अंदाजपत्रकात सुशोभीकरण आणि पार्किंगचे ठेके ही दोन शीर्षके काढून पाहावीत. चौकांवरचा खर्च आणि चौकांतून मिळणारे उत्पन्न बहुधा याच दोन ठिकाणी सापडते, आणि दोन्ही रकमा शेजारी शेजारी मांडलेल्या मी अजून कोणत्याही अंदाजपत्रकात पाहिलेल्या नाहीत.